पाण्याखालचा पाचवा दिवस

पाचव्या दिवशी सकाळी एस्तेर साळवेचं डोकं दुखायला लागलं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतीही दोनच माणसं.

मुळा धरणाच्या पाण्यात, बारागाव नांदूरच्या बाजूला, चौदा मीटर खोल एक लोखंडी टाकी चार पायांवर उभी होती. दुष्काळात गावोगाव फिरणाऱ्या टँकरची असते तशीच, फक्त थोडी मोठी. आत तीन बर्थ, एक टेबल, दोन गोल खिडक्या आणि तळाला एक चौकोनी भोक. त्या भोकात धरणाचं पाणी काठोकाठ दिसायचं, पण आत चढायचं नाही. टाकीतल्या हवेचा दाब त्याला तिथेच रोखून धरायचा. भोकाला सगळे हौद म्हणायचे. बाहेर पडायचा रस्ता तेवढा एकच.

अंतराळात जाऊ इच्छिणाऱ्यांची तयारी करून घेणाऱ्या एका संस्थेने ही टाकी तिथे बसवली होती. यानात राहायचं म्हणजे काय, हे जमिनीवर नीट कळत नाही. पाण्याखाली कळतं. जागा अपुरी, माणसं तीच ती, भिंतीपलीकडे श्वास घेता येत नाही, आणि घरी जावंसं वाटलं तरी लगेच जाता येत नाही.

हे शेवटचं एस्तेरला सगळ्यात जास्त छळायचं. डोक्यावर पाणी फक्त चौदा मीटर. दुपारी वर पाहिलं की हिरवट उजेड दिसायचा. पण दाबाखाली राहिलेल्या माणसाच्या अंगात हवा मुरते. तो सरळ वर गेला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याच्या रक्तात बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो. वर जायचं तर हौदाचं झाकण लावून टाकीतला दाब हळूहळू उतरवायचा. त्याला अठरा तास लागतात.

एस्तेर एकतीस वर्षांची होती, तिसगावची. वडील पीटर साळवे शाळामास्तर होते. पुण्यात इंजिनिअर झाली, नोकरी केली, मग या निवडीत उतरली आणि चारशे जणांमधून शेवटच्या आठात आली. एक गोष्ट मात्र तिने एकाही मुलाखतीत सांगितली नव्हती. ती पाण्याला भ्यायची. चौदा वर्षांची असताना चुलतबहीण मरिया तिच्या डोळ्यांदेखत शेततळ्यात बुडाली होती. तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं. मरिया काठापर्यंत यायची, हात टेकायची आणि घसरून परत आत जायची. एस्तेरने ओढणी टाकली, ती पुरली नाही. त्यानंतर आठ वर्षं एस्तेर कुठल्याही पाण्यात उतरली नाही. बाविसाव्या वर्षी ती पोहायला शिकली ती दात ओठ खाऊन, आणि कुणाला कळू न देता.

टाकीत तिच्यासोबत दोघे होते. तुकडीचे प्रमुख कल्याण देवकाते हवाई दलातले निवृत्त वैमानिक, पन्नाशीचे, कमी बोलणारे. दुसरा गोरक्ष. तो धरणाकाठच्याच गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला, आता टाकीची देखभाल बघायचा. दर तुकडीबरोबर तो खाली राहायचा. दोन मुलींचा बाप, पाण्यात माशासारखा, आणि मोकळा वेळ मिळाला की झोपणारा.

किनाऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये नियंत्रण कक्ष होता. तिथून रुपाली नावाची अधिकारी बोलायची. पण तिचा आवाजही थेट यायचा नाही. मंगळावर गेल्यावर निरोप पोचायला वेळ लागतो, म्हणून इथेही प्रत्येक निरोप दहा मिनिटं अडवून ठेवत. विचारलं की उत्तर वीस मिनिटांनी. खरंच संकट आलं, तर भिंतीवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की सराव मोडायचा आणि थेट बोलणं सुरू व्हायचं.

तिसऱ्या दिवशी एस्तेरने ते दाबलं होतं. अचानक दिवे गेले, धुराचा भोंगा वाजायला लागला, आणि काय होतंय ते बघायच्या आधीच तिचा हात बटणावर होता. लगेच रुपालीचा आवाज आला, "एस्तेर, हा सराव होता. आग लागलेली नाहीये." दिवे आले. कल्याणसरांनी वहीत नोंद केली. मग शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, तर तुझं नाव पुढे जाणार नाही. तुला माहीत आहे."

म्हणून पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागल्यावर ती गप्प राहिली.

अकराच्या सुमाराला छातीत धडधड सुरू झाली. बसल्या जागी घाम फुटला. भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या. रोजचा आकडेमोडीचा पेपर सोडवताना तिला सत्तावीस अधिक अठरा जमेना. ती पेन्सिल धरून बघत राहिली. आज आपण मरणार, असं तिला एकाएकी अगदी स्पष्ट वाटलं.

तिने स्वतःला दटावलं. ही भीती जुनीच आहे. आता डोकं वर काढते आहे, इतकंच. प्रभूचं नाव घेऊन तिने डोळे मिटले, पण प्रार्थनेचे शब्दही मध्येच तुटत होते. तेवढा श्वास पुरत नव्हता.

"सर, तुम्हाला बरं वाटतंय का?" तिने शेवटी विचारलं.

कल्याणसर टेबलाशी कपाळ दाबत बसले होते. "डोकं जड आहे. झोप नीट झाली नाही."

"हवा खराब असेल का?"

त्यांनी भिंतीवरच्या मीटरकडे बोट केलं. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेत किती साठलाय, ते हा मीटर दाखवायचा. तो वायू शोषून घ्यायला चुन्याच्या खड्यांचा एक डबा होता, आणि एक पंखा टाकीतली हवा त्या डब्यातून फिरवायचा. पंख्याचा दिवा हिरवा होता. मीटरवर आकडा होता शून्य पूर्णांक एकेचाळीस.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "बस जरा. पाणी पी."

एस्तेर बसली. पण नजर मीटरवरून हलेना. थोड्या वेळाने तिने नोंदवही ओढून घेतली. कल्याणसर दर दोन तासांनी आकडा लिहायचे. सकाळी दहाला शून्य पूर्णांक एकेचाळीस. आठला एकेचाळीस. सहाला एकेचाळीस. ती बोट मागे मागे नेत गेली. काल संध्याकाळी सहापासून एकही आकडा बदलला नव्हता. त्याआधी मात्र तो सतत वरखाली होत होता, अडतीस, चव्वेचाळीस, चाळीस. तीन माणसं झोपली, उठली, जेवली, व्यायाम केला, आणि आकडा तसूभर हलला नाही?

"सर, मीटर अडकलाय."

कल्याणसरांनी वही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "हेच तर त्यांना बघायचंय. मीटर मुद्दाम अडकवला असेल. आपण घाबरतो का, ते बघतायत. निरोप पाठव, वीस मिनिटं थांब."

"आणि खरंच असेल तर?"

"तिसऱ्या दिवशीही तुला खरंच वाटलं होतं."

तिने निरोप पाठवला. वीस मिनिटं. तिने कुठेतरी वाचलं होतं की हा वायू वाढला की माणसाला कारण नसताना भीती वाटते. जीव घाबरा होतो, पळत सुटावंसं वाटतं. म्हणजे ही भीती माझी आहे, की हवेची? भ्यायलेल्या माणसाने स्वतःची भीती मोजायची तरी कशाने?

खालच्या बर्थवर गोरक्ष झोपला होता.

एस्तेर त्याच्याकडे बघत राहिली. गोरक्ष घाबरलेला नव्हता. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं. तिने घड्याळ लावलं आणि त्याच्या छातीचं वरखाली होणं मोजलं. झोपलेला माणूस मिनिटाला चौदा-पंधरा श्वास घेतो. गोरक्षने चौतीस घेतले. तिने पुन्हा मोजलं. छत्तीस. त्याची बनियन घामाने चिंब होती.

"गोरक्षभाऊ! उठा!"

त्याने डोळे अर्धवट उघडले. "ताई... लई जड वाटतंय वो," एवढं बोलून त्याने परत मिटून घेतले. तिने गालावर चापट्या मारल्या. तो उठला नाही.

एस्तेर भिंतीपर्यंत गेली. नाव गेलं तर जाऊ दे. तिने लाल बटण दाबलं.

"रुपाली, हवा खराब झालीय. गोरक्ष शुद्धीवर येत नाहीये. मीटर कालपासून अडकलाय. हे तुम्ही केलंय का?"

रुपालीचा बदललेला आवाज आला. "नाही. एस्तेर, हे आम्ही केलेलं नाही. मास्क लावा, तिघंही. आत्ता. पाणबुडे पाठवते. पण बोट दुसऱ्या काठाला सामान आणायला गेलीय. अर्धा तास लागेल."

भिंतीला तीन मास्क टांगलेले होते. त्यांना टाकीबाहेरच्या मोठ्या सिलिंडरांतून शुद्ध हवा यायची. एस्तेरने एक तोंडाला लावला आणि श्वास ओढला. एक गार, गोड श्वास आला. दुसरा अर्धाच आला. तिसऱ्याला मास्क गालांना चिकटला, आणि आत काहीच नव्हतं.

तिने तो ओढून काढला. दुसरा लावला. तोही रिकामा. सिलिंडर भरलेले होते, काल सकाळीच गोरक्षने बदलले होते. म्हणजे बाहेरचा, सिलिंडरांजवळचा कॉक बंदच राहिला होता. नळीत उरलेली हवा तेवढी आली आणि संपली.

मागे पाण्याचा आवाज झाला.

कल्याणसर हौदाच्या शिडीवर कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. पाठीला पोहण्याचा सिलिंडर, कपाळावर चष्मा. टाकीत असे दोनच सिलिंडर होते. तिसरा दुरुस्तीला वर गेला होता.

"सर, कुठे निघालात?"

"वर." त्यांचे डोळे कुठेतरी लांब बघत होते. "चौदा मीटर तर आहे. वर हवा आहे. चल."

"सर, वर गेलात तर मराल! पाच दिवस झालेत आपल्याला!"

"वर हवा आहे," ते पुन्हा म्हणाले. एखादं लहान मूल हट्टाने बोलावं तसे. त्यांनी चष्मा खाली ओढला, नळी तोंडात धरली आणि शिडी सोडली.

एस्तेर पोटावर पालथी पडली आणि दोन्ही हात पाण्यात घालून तिने जे हाताला लागलं ते पकडलं. खांद्याचा पट्टा होता. माणूस जड, आणि बाहेर जायला पाय मारणारा. तिचा गाल लोखंडावर आपटला, पाणी नाकातोंडात गेलं. शेततळ्याचं काळं प्लास्टिक तिला दिसलं, तिने डोळे घट्ट मिटले, पण पकड सोडली नाही. किती वेळ गेला कळलं नाही. मग कल्याणसरांच्या अंगातलं बळच संपलं. तिने त्यांना ओढून शिडीशी आणलं, पट्ट्याचा हुक लोखंडी दांडीला अडकवून टाकला आणि त्यांचं डोकं पाण्याबाहेर काढलं.

"इथेच बसा. नळी तोंडातून काढू नका. इथूनच श्वास घ्या."

सिलिंडरच्या शुद्ध हवेचे दहा-बारा श्वास गेल्यावर त्यांच्या डोळ्यांत ओळख परत आली. त्यांनी हुकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोलू शकत नव्हते. त्यांनी हात जोडले.

आता उरलेला सिलिंडर एकच. तो गोरक्षच्या तोंडाला लावावा, तर बेशुद्ध माणसाच्या दातांत नळी राहणार नाही. लावला काय न लावला काय, बोट यायच्या आत टाकीतली हवा तिघांपैकी कुणाला तरी नेणार. बाहेर जाऊन कॉक उघडायचा, एवढंच शिल्लक होतं. आणि जाऊ शकणारी ती एकटी होती.

गेल्या पाच दिवसांत ती बाहेर गेली होती, पण नेहमी गोरक्षच्या मागे, त्याच्या पायांतल्या, पोहताना लावायच्या पिवळ्या रबरी पंखांवर नजर ठेवून. आता पुढे कुणी नव्हतं. तिने सिलिंडर चढवला. बकल तीनदा निसटलं. मग हौदात उतरली आणि डोकं पाण्याखाली घातलं.

खाली हिरवा अंधार. भर दुपारी हात लांब केला तर बोटं जेमतेम दिसायची. टाकीच्या पायापासून सिलिंडरांपर्यंत एक दोरी बांधलेली होती, आठ-नऊ हात लांब. ती दोरी मुठीत धरून एस्तेर सरकत राहिली. स्वतःच्या श्वासाचा घर्रघर्र आवाज कानात भरला होता. शुद्ध हवेने डोकं हलकं होत होतं, आणि त्याबरोबर कळत होतं की आता जी भीती उरली आहे, ती हवेची नाही. ती सगळी तिची स्वतःची होती.

पायाला काहीतरी लागलं. ती दचकली, पाय झटकला, आणि तो सुटला नाही. तळातून वाहत आलेलं मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं डाव्या पायाच्या पंखात गुंतलं होतं. ती जितकी ओढू लागली, तितका गाळ उठला. हिरवं पाणी काळं झालं. आता दोरीसुद्धा दिसेना. तोंडातल्या नळीभोवती तिच्या किंकाळीचे बुडबुडे फुटले, ते वर गेले, आणि तिलाही त्यांच्यामागे जावंसं वाटलं. फक्त हात सोडायचा. पाणी आपोआप वर नेईल.

दोरी धरलेल्या हाताची मूठ तिने आणखी आवळली. दुसरा हात खाली नेला, पायाचा पट्टा चाचपला आणि पंख काढून जाळ्यात सोडून दिला. पाय सुटला.

सिलिंडर हातांना लागले. थंड, बुळबुळीत. कॉकचं गोल चाक सापडलं. तिने फिरवलं, ते हलेना. पुन्हा जोर लावला. मग लक्षात आलं, आपण उलट्या दिशेने फिरवतोय. दुसऱ्या बाजूला जोर लावताच चाक करकरत एक फेरा फिरलं, मग दुसरा, आणि नळीतून हवा धावल्याचा कंप तिच्या तळव्याला जाणवला.

परत येताना ती दोरीला दोन्ही हातांनी धरून आली. हौदातून डोकं वर काढलं तेव्हा तिन्ही मास्कांमधून फुस्स आवाज येत होता. तिने एक गोरक्षच्या तोंडावर दाबून धरला, आणि त्याच सिलिंडरांतली हवा टाकीत मोकळी सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. टाकी शिट्टीसारखी वाजायला लागली. जुनी हवा बुडबुड्यांनी हौदातून बाहेर पडत राहिली. पाच-सहा मिनिटांनी गोरक्षने डोळे उघडले, कुशीवर वळला आणि भडाभडा ओकला. एस्तेरने त्याचं डोकं धरलं. तिला रडू येत होतं, पण रडायलाही अजून श्वास पुरत नव्हता.

पाणबुडे आले तेव्हा त्यांनी पंख्याचा डबा उघडून पाहिला. पंख्याची पाती तुटून अडकली होती. दिवा फक्त वीज येत असल्याचा होता, आणि मीटर आतून बिघडला होता. हौदाचं झाकण बसवलं गेलं आणि दाब उतरवायला सुरुवात झाली. अठरा तास.

त्या तासांत एकदा गोरक्ष म्हणाला, "ताई, कॉक माज्याच हातून बंद ऱ्हायला. सिलिंडर बदलले, अन् उघडायचंच इसरलो. मी वर गेल्यावर सांगणार हाय."

"सांगा," एस्तेर म्हणाली. "मलाही एक सांगायचंय."

कल्याणसर खिडकीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "आणि मलाही."

सकाळी बोट किनाऱ्याला लागली, तेव्हा पीटर साळवे धक्क्यावर उभे होते. त्यांनी लेकीच्या गालावरची जखम पाहिली, आणि शालीत गुंडाळून तिला घट्ट धरलं. "एस्तू, घरी चल," एवढंच ते म्हणत राहिले.

पंधरा दिवसांनी राहुरीच्या एका सभागृहात चौकशी झाली. गोरक्षने आपली चूक सांगितली. कॉक उघडा आहे की नाही हे आतून कळायची सोयच नव्हती, हे समितीने मान्य केलं, आणि त्याची नोकरी राहिली. कल्याणसरांनी उभं राहून सांगितलं की आपण तुकडी सोडून वर पळत होतो, आणि एस्तेर साळवेने धरलं नसतं तर आज इथे नसतो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

एस्तेरने मरियाबद्दल सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला पाण्याची भीती वाटते, आणि तुम्ही ते सतरा वर्षं लपवलंत?"

"हो."

"अजून वाटते?"

"आधीपेक्षा जास्त वाटते, सर."

"मग पुन्हा खाली जाल का?"

सभागृहाच्या खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर जाताना दिसत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

तिसगावला ती दोन महिने राहिली. आईने तिला एकटीला आंघोळीलाही दार लावू दिलं नाही. रात्री झोपेत तिला नळीतून हवा संपल्याचा भास व्हायचा, आणि ती तोंड उघडून उठून बसायची. तरी जानेवारीच्या शेवटी तिने रुपालीला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये पुढची तुकडी खाली निघाली. टाकीत आता दोन मीटर होते आणि कॉकची खूण आत दिसेल अशी बसवली होती. नव्या मुलींपैकी एक, रेश्मा, बोटीच्या काठावर बसून पाण्याकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

एस्तेर पायात पंख चढवत होती. "वाटते," ती म्हणाली. "तुझी वाढली की मला सांग. माझी वाढली की मी तुला सांगेन. लपवायचं मात्र नाही."

गोरक्ष आधीच पाण्यात उतरून दोरी धरून थांबला होता. एस्तेरने चष्मा खाली ओढला, नळी तोंडात धरली, एक श्वास घेऊन पाहिला, मग आणखी एक, आणि बोटीचा काठ सोडला.